काका ग्रुप सोडून गेले, अ‍ॅडमिननं मला काढलं. अक्का, मी बरोबरच होतो ना?

पत्र:

अक्का, नमस्कार. मी २६ वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत कामाला, राहायला राजारामपुरीत. मला ऑनलाईन वाद घालायला आवडतं, भांडायला नाही, मुद्द्यावर. फाइव्ह जी, एआय, पिक्चर, फुटबॉल, विज्ञान, अभिव्यक्ती स्वातंत्र्य, काय पण द्या. गेल्या पावसाळ्यात चिखलीच्या काकांनी घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला की राधानगरी धरणाचे सगळे दरवाजे प्रशासनानं मुद्दाम रात्रीत सोडलेत, दोन तासात पाणी गावात. त्यावेळी सातपैकी दोनच दरवाजे उघडे होते आणि ते आपोआप उघडतात, मी तिथंच स्क्रीनशॉट टाकून फेक सिद्ध केलं, वर 'व्हॉट्सअ‍ॅप युनिव्हर्सिटी' म्हणून हसायचे चार इमोजी. काका ग्रुपमधून बाहेर, अजून बोलत नाहीत. मग एका पिक्चरवरच्या वादात गल्लीतल्या मंडळाच्या ग्रुपमधून अ‍ॅडमिननं मला काढलं. ही अभिव्यक्ती स्वातंत्र्याची गळचेपी नाही का? त्याच पिक्चरच्या हिरोच्या फॅन लोकांनी आता माझा फोटो आणि कंपनीचं नाव टाकून 'बघून घेतो' म्हटलंय. आई म्हणते मोबाईल रंकाळ्यात टाक. माझं चुकलं कुठं ते सांगा. – मुद्देसूद, राजारामपुरी

उत्तर:

मुद्देसूद बाळा,

पत्र तुझं लई लांब होतं, मी कापून छापलंय, मेस्सी-रोनाल्डोवर दीड पान होतं ते तर अख्खंच उडवलंय, राग मानू नको. शेवटी लिहिलेलं मी आधी घेते कारण बाकीचं वर्षभर थांबलं तरी चालतंय, हे नाही थांबणार.

तुझा फोटो, तुझ्या कामाचं ठिकाण आणि 'बघून घेतो', हा वाद राहिलेला नाही. त्याला उत्तर द्यायचं नाही, 'ये की मग' असलं काही तर चुकूनही टाइप करायचं नाही, कोल्हापुरात ये म्हटलं की लोक खरंच येतात. पोस्ट उडायच्या आत स्क्रीनशॉट घे, त्यात प्रोफाइलचं नाव, तारीख, वेळ दिसायला पाहिजे, लिंक वेगळी कॉपी करून ठेव, अ‍ॅपवर रिपोर्ट कर आणि राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दे. १९३० नंबर सगळ्यांना पाठ असतो पण तो ऑनलाईन पैसे गेले तर फिरवायचा, इथं त्याचा उपयोग नाही. जुन्या आयपीसीच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात धमकीला कलम ३५१ आहे. कंपनीत साहेबांना तूच जाऊन सांग, बाहेरून कळलं तर त्यांना आधी वाटणार की यानंच काहीतरी उपद्व्याप केलाय.

आणि ठाण्यात जायच्या आधी तुझी स्वतःची कमेंट निवांत वाच. पत्रात तू 'थोडं रागात लिहिलं' एवढंच म्हटलंयस, थोडं म्हणजे किती ते तुलाच माहिती. पिक्चर भंगार आहे, हिरोला अभिनय येत नाही, बघणारे येडे आहेत इथपर्यंत चालून जातंय. पण कुणाच्या जाती-धर्मावर घसरला असशील तर त्याच संहितेत १९६ पण आहे, दोन समाजांत तेढ लावण्याचं, आणि मग तक्रार करायला गेलेला माणूसच आत बसतो. तसं काही असेल तर वकिलाला दाखवून मगच जा.

आता अ‍ॅडमिन. नाही, गळचेपी नाही. घटनेचं कलम १९ तुला बोलायचं स्वातंत्र्य देतं ते मुख्यतः सरकारच्या विरुद्ध देतं, म्हणजे तू काही बोललास म्हणून सरकारनं, पोलिसांनी वाजवी कारण आणि कायदा असल्याशिवाय तुझं तोंड बंद करायचं नाही. मंडळाचा अ‍ॅडमिन सरकार नव्हे. त्यानं तुला काढलं, तू दुसरा ग्रुप काढ, तुला कोण अडवतंय.

खरी गळचेपी कशी असते ते बघायचं असलं तर नोव्हेंबर २०१२ चं पालघर प्रकरण वाच. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद होती, त्यावर एका मुलीनं फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या लाइक केल्या, आणि पोलिसांनी आयटी कायदा लावून दोघींना पकडलं. लाइक केलेलीला पण! त्याआधारे श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला कोर्टानं आयटी कायद्यातलं कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवून काढून टाकलं, कारण 'त्रासदायक', 'संतापजनक' असले शब्द त्यात होते आणि त्रास कुणाला कशाचा होईल याला काही धरबंधच नाही. गंमत म्हणजे कलम मेल्यावरही ठाण्याठाण्यात त्याखाली केसेस चालूच होत्या, २०२२ साली कोर्टाला परत सांगावं लागलं की बाबांनो हे कलम आता नाहीये.

आणि त्याच २०१५ ची दुसरी तारीख आपल्या गावातली. १६ फेब्रुवारीला सकाळी फिरून घरी येताना गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. म्हणजे दिल्लीत कोर्ट बोलायची वाट मोकळी करत होतं आणि त्याच्या महिनाभर आधी इथं आयुष्यभर चर्चा करत फिरलेल्या म्हाताऱ्या माणसाला रस्त्यात संपवलं होतं. कोर्टाचा निकाल गोळीला अडवत नाही, म्हणून तुझ्या फोटोखालच्या 'बघून घेतो'ला मी अ‍ॅडमिनपेक्षा वरचा नंबर दिला. ग्रुपमधून काढणं आणि हे, दोन्हीला तू एका ओळीत 'गळचेपी' लिहिलंयस ते मला अजिबात पटलेलं नाही.

अ‍ॅडमिनची बाजू पण बघ थोडी. जून २०२३ मध्ये आपल्याकडं काय झालं तुझ्या डोळ्यांदेखत झालंय. काही पोरांनी वादग्रस्त व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस ठेवले, दुसऱ्या दिवशी ७ तारखेला शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर आणि इंटरनेट बंद. दुकानं फुटली ती स्टेटस ठेवणाऱ्यांची नव्हती. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक अ‍ॅडमिनच्या पोटात गोळा आहे, पिक्चरच्या वादात देवधर्म आला की त्याचं बोट आपोआप 'रिमूव्ह'वर जातंय. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की मेंबरनं काही टाकलं म्हणून अ‍ॅडमिन गुन्हेगार होत नाही, दोघांचा आधीपासून मिळून डाव असला तर गोष्ट वेगळी. हे त्याला सांग जरूर. फक्त नोटीस आली तर ठाण्यात हेलपाटे त्यालाच, तुला नाही. असं असलं तरी एका शब्दानं न सांगता काढून टाकलं हे मला आवडलेलं नाही, पोरगं समोरच्या गल्लीत राहतंय तर हाक मारून 'बास कर आता' म्हणता आलं असतं.

(पिक्चरवरून भांडणं आपल्या गावाला नवीन नाहीत. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून इथं मूकपट काढले, १९२० च्या त्यांच्या पहिल्याच पटात भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतकं खरं वाटलं की सेन्सॉरनं कात्री लावली. शंभर वर्षं झाली, अजून आपलं तेच चाललंय, फक्त कात्री आता प्रत्येकाच्या खिशात आहे.)

पिक्चर आणि मेस्सी-रोनाल्डोचं तुझं प्रकरण मी एका वाक्यात संपवते. २०२२ च्या वर्ल्ड कपला आपल्या गावात चौकाचौकात कटआउट लागले होते, नेमारवाले, मेस्सीवाले, रोनाल्डोवाले, तेव्हा कटआउट बघून पार्टी बदललेला एक तरी माणूस मला दाखव. आवडीला पुरावा लागत नाही, तू आकडे टाकत बसतोस आणि समोरचा तुला हसत बसतो, दोघांचा वेळ मजेत जात असेल तर चालू दे, नसेल तर झोप.

विज्ञानाचं तसं नाही. तिथं खरं-खोटं करता येतं, करायलाच पाहिजे, आणि तू करतोस याचं मला कौतुक आहे. पण लेका, तू सुद्धा ढिला बोलतोस. फाइव्ह जीच्या वादाचा जो स्क्रीनशॉट मला पाठवलायस त्यात तुझं वाक्य आहे, 'विज्ञानानं सिद्ध केलंय की धोका झिरो'. असं विज्ञान बोलत नाही. आपल्याकडं फाइव्ह जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, ते मुख्य ३.३ गिगाहर्ट्झच्या आसपास आणि २६ गिगाहर्ट्झला. घरातल्या बल्बच्या उजेडाची फ्रिक्वेन्सी त्याच्या हजारो पट असते. डीएनए तोडायची ताकद उजेडाच्याही पलीकडं, अतिनील आणि क्ष-किरणांपाशी सुरू होते, रेडिओलहरी फार तर ऊब देतात आणि टॉवरपासून ती ऊब नगण्य. हा तुझा मुद्दा खणखणीत आहे, एवढाच मांडायचा होता. पण समोरच्यानं 'डब्ल्यूएचओनं कॅन्सरच्या यादीत टाकलंय' म्हटल्यावर तू त्याला अडाणी म्हणालास, आणि तो तिथं खोटं बोलत नव्हता. डब्ल्यूएचओच्याच कॅन्सर संस्थेनं २०११ मध्ये रेडिओलहरींना 'टू बी' गटात टाकलंय. तो गट म्हणजे 'कदाचित, पण पुरावा तोकडा'. त्याच गटात कोरफडीचा अर्क आहे, आशियातल्या पारंपरिक पद्धतीच्या खारवलेल्या भाज्या पण आहेत. हे तू त्याला सांगितलं असतंस तर त्याला त्याची माहिती अर्धी बरोबर आणि अर्धी अपुरी आहे हे कळलं असतं, तुलाही. अडाणी म्हटल्यावर त्याला एवढंच कळलं की तू उर्मट आहेस.

चॅटजीपीटीचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून टाकायचे बंद कर. ते यंत्र शब्दाला शब्द जोडून बहुतेक काय आलं असतं ते लिहितं, प्रश्न कलता विचारला की उत्तर पण त्या बाजूला कलतं. त्याच चर्चेत समोरच्यानं त्याचा उलटा स्क्रीनशॉट टाकला होता की नाही? होता. दोघंही जिंकलात. त्याला फार तर विचार की हे मूळ कुठल्या अहवालात आहे, मग तो अहवाल खरंच आहे का ते बघ, उघड, वाच आणि त्यातली ओळ टाक.

आता काका, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले.

राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. कुणी साहेब रात्री येऊन बटण दाबत नाही, त्यामुळं 'मुद्दाम सोडलं' हे खोटं, 'सगळे' हे खोटं. पण दोन दरवाजे उघडे होते हे तूच लिहिलंयस! म्हणजे जवळजवळ तीन हजार क्युसेक पाणी भोगावतीत येत होतं आणि भोगावती जाऊन मिळते कुठं, तर काकांच्या गावापाशी, प्रयागला, जिथनं पंचगंगा सुरू होते. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४३ आहे. चिखली-आंबेवाडीला दोन्ही वेळा काय झालं ते तुला टीव्हीवर दिसलं, काकांना दारात दिसलं. तू त्या फॉरवर्डवर लाल अक्षरात 'फेक' लिहिलंस. त्यातलं पाऊण चूक होतं, पाव बरोबर होतं, आणि चिखलीतल्या माणसाला तो पावच महत्त्वाचा, कारण जनावरं सोनतळीला न्यायची तर दिवसाउजेडी न्यायला लागतात, म्हशींना रात्री दोनला पाण्यातून हाकलत नेता येत नाही.

काका ग्रुपवर चर्चेला मुद्दा ठेवत नव्हते रे. ते घाबरले होते आणि घरच्यांना सांगत होते. त्यावर तू घरातल्या तीस-चाळीस माणसांसमोर, त्यांच्या सुना-जावयांसमोर, हसायचे इमोजी टाकलेस. खासबागेत सुद्धा जोड बघून कुस्ती लावतात, शहरात शिकलेल्या तुझ्यासारख्याला भेदरलेल्या काकांवर सोडायचं आणि चितपट केलं म्हणून मिरवायचं याला तिथं कुणी टाळ्या वाजवल्या नसत्या.

तू विचारशील, मग खोटं तसंच जाऊ द्यायचं? अजिबात नाही. पुराच्या दिवसात खोटा फॉरवर्ड पुलावर ट्रॅफिक लावतो, आणि दोनदा खोटं निघालं की तिसऱ्यांदा खरं असलं तरी लोक उठत नाहीत. फक्त आधी फोन करायचा होतास. 'काका, दोन दरवाजे उघडलेत, बंधाऱ्यावर आत्ता एवढे फूट आहे, ३९ ला इशारा असतो, तुमच्याकडं काय परिस्थिती?' मग ग्रुपवर हेच दोन ओळीत, कुणाचं नाव न घेता. फॉरवर्डवर दोन बाणांची खूण असली की तो पाच-सहा हातांतून फिरून आलेला असतो, म्हणजे काकांनी लिहिलेलाच नसतो, मग त्यातल्या चुकीचा शिक्का त्यांच्या कपाळावर कशाला.

अजून एक, खाली कर्नाटकात कृष्णेवर अलमट्टी धरण आहे, त्याच्यामुळं आपल्याकडं पूर येतो असं लोक म्हणतात. त्यावर तू त्याच रात्री पुढं लिहिलंस, 'अलमट्टीचा पण काही संबंध नाही, समितीनं सांगितलंय, विषय संपला'. नाही संपला. पुराचा अभ्यास करायला नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, हे खरं. पण कर्नाटकाला धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायची आहे आणि आपलंच सरकार त्याला विरोध करतंय, तेव्हा खाली कृष्णाकाठचा शिरोळवाला माणूस शंका घेतो तर तो काय येडा नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकायला जागा राहत नाही. चिखलीचा प्रश्न वरून किती येतंय हा, शिरोळचा प्रश्न खाली किती लवकर जातंय हा. एकाच पुराबद्दल दोघं वेगळं बोलतात आणि दोघंही आपापल्या दारातलं खरं बोलतात. अशा ठिकाणी समितीचं नाव फेकून मारण्यापेक्षा समिती नेमकी कुठल्या वर्षाच्या कुठल्या पाण्याबद्दल बोलली ते सांगितलंस तर शिरोळवाला पण थांबून ऐकेल, आणि बहुतेक तुला दोन गोष्टी अशा सांगेल ज्या अहवालात नाहीत.

बाकी वादाची तुझी खोड मोडू नको, मला ती आवडते, आपल्याकडं न वाचता बोलणारे रग्गड आहेत, वाचून बोलणारे थोडे. फक्त एक कर. लिहायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं एका ओळीत लिहून विचार, 'तुझं असं म्हणणं आहे ना?' निम्मे वाद तिथंच मिटतात कारण त्याचं तसं म्हणणंच नसतं. आणि त्याला विचार की कशानं तुझं मत बदलेल. 'कशानंच नाही' म्हणाला तर गुड नाईट म्हणून मोकळा हो. हा प्रश्न स्वतःला पण विचारायचा आहे हे सांगायला नको.

आईला सांग की रंकाळ्यात आधीच पुरेसा कचरा आहे.

आणि रविवारी चिखलीला जा. फोन नको, मेसेज तर नकोच, जा. ग्रुपचा विषय तू काढू नको. काकांना विचार की २०१९ ला पाणी पहिलं कुठून शिरलं, भिंतीवर कुठंपर्यंत आलं, जनावरं कुणाच्या ट्रॉलीतून नेली, आणि ते सांगायला लागले की मध्ये आकडे दुरुस्त करायचे नाहीत. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ त्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दे, राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज कुठं बघायची ते दाखव, पावसाळ्यात तूच रोज सकाळी त्यांना कळवत जा. इमोजीचं त्यांनी काढलंच तर 'चुकलं काका' एवढंच म्हण, त्यापुढं 'पण फॉरवर्ड चूकच होता' हे जोडायचं नाही, तुझी जीभ वळवळणार हे मला इथनं दिसतंय. ग्रुपवर परत यायचं का नाही ते त्यांचं ते बघतील.

– अक्का